बिनखाराचे मूग

४ फेब्रुवारी

आज इंदु माझ्याशी एकूण तीनदा बोलली. ‘हो.’ ‘नको.’ ‘पडदा ओढा.’ आमच्या संसारात एवढा काटकसरीचा दिवस मी पाहिलेला नाही.

एरवी मी दुकानातून आलो की दारातच सुरुवात होते. चपला तिरक्या का, सदऱ्याला तेलाचा वास का, संघवीभाईंना काय बोललात की ते मान फिरवून गेले. आता ती खोलीत अंधार करून बसते आणि मी विचारलं की मुंडी हलवते. म्हणजे रागावली आहे. गेल्या आठवड्यातल्या माझ्या बोलण्याची उजळणी केली. रागावण्यासारखं बरंच सापडलं, पण त्यात नवीन काही नव्हतं.

कुठंतरी बोलायला हवं, म्हणून हे लिहितो.

इंदुची वर्धमान तपाची शंभरावी ओळी, म्हणजे फेरी, चालू आहे. वर्धमान तप म्हणजे पहिल्या ओळीत एक आयंबिल आणि एक उपवास, दुसरीत दोन आयंबिलं आणि एक उपवास, असं चढत चढत शंभरापर्यंत जायचं. आणि आयंबिल म्हणजे दिवसातून एकदाच, एका बैठकीत जेवायचं. त्यात दूध-दही नाही, तूप-तेल नाही, गूळ-साखर नाही, भाजी-फळ नाही. उरतं धान्य, कडधान्य, मीठ, मिरी आणि उकळलेलं पाणी. एकोणीस वर्षांपूर्वी तिनं सुरू केलं तेव्हा मी म्हणालो होतो, ‘चार दिवसांचं खूळ आहे.’ आता शेवटची ओळी. मध्ये एक दिवस मोडला तर ही शंभरावी पुन्हा पहिल्यापासून.

आणि मी कोण? भावनगरचा प्राणलाल दोशी, गाठियावाला. बायको मिठाच्या पाण्यात शिजवलेलं खाते आणि नवरा अख्ख्या गावाला तेलात तळलेलं खाऊ घालतो. कर्मानं आमची जोडी लावताना जरा गंमत केली.

७ फेब्रुवारी

इंदुच्या ओठांचे दोन्ही कोपरे फाटलेत. थंडीचे दिवस. मी म्हटलं, ‘तूप लाव.’ तिनं माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी साध्वीजींच्या उपाश्रयात गाठियाची गाडी लावायला सांगितली. ओठावरचं तूप तोंडात जाणार, तोंडात गेलं की आयंबिल मोडलं. बायकोच्या नव्याण्णव ओळ्या पार पडल्या, नवरा अजून बालवाडीत.

पडदे अजून ओढलेलेच. आज मी मुद्दाम उघडले. ती डोळ्यांवर हात धरून भिंतीकडे तोंड करून बसली.

‘माझं तोंडही बघायचं नाही का?’

तिनं डोळ्यांवरचा हात काढला नाही. मीही पडदे तसेच उघडे टाकून दुकानात गेलो. माणसाला काही मानअपमान असतो.

११ फेब्रुवारी

सकाळी देरासराच्या, म्हणजे आमच्या मंदिराच्या, पायऱ्या उतरताना इंदु पडली. समोरून ऊन येत होतं, डोळे मिटले आणि पायरी चुकली. गुडघा फुटला. चार बायकांनी धरून आणली. ‘तपाचा अशक्तपणा,’ असं सगळ्याजणी कौतुकानं म्हणाल्या. मी डॉक्टरला बोलावलं.

डॉक्टर म्हणजे संघवीभाईंची मुलगी, पूर्वी. लहानपणी माझ्या दुकानातून फुकट पापडी न्यायची, आता माझ्याकडूनच फी घेते. तिनं पडदा किंचित सारला. इंदु कळवळली. पूर्वीनं पडदा लगेच सोडला.

‘काकी, जीभ दाखवा.’

जीभ जांभळट लाल, तुकतुकीत, कडा सुजलेल्या. मी एवढ्या वर्षांत त्या जिभेचा पट्टा पुष्कळ खाल्ला. जीभ अशी आज पहिल्यांदा पाहिली.

‘काका, किती दिवस असं आहे?’

‘काय असं? रुसली आहे ती.’

‘रुसलेली नाही. तोंड उघडलं की हिचे ओठ फाटतात. जीभ भाजल्यासारखी झोंबते. उजेड डोळ्यांत सुईसारखा टोचतो. म्हणून बोलत नाही, म्हणून पडदे.’

‘मला वाटलंच होतं,’ मी म्हणालो. वाटलं नव्हतं. त्या दिवशी उघडे टाकलेले पडदे आठवले.

पूर्वी म्हणते, हा रायबोफ्लेविनचा तुटवडा. बी-टू म्हणतात त्याला. दुधात असतं, दह्यात असतं, पालेभाजीत असतं.

‘म्हणजे हिनं जे जे सोडलंय, बरोबर तिथं.’

‘थोडं अख्ख्या कडधान्यात, बाजरीतही असतं. आतड्यातून शरीर रोजच्या रोज घेतं, लागेल तेवढं वापरतं, जास्तीचं लघवीतून पिवळं होऊन निघून जातं. साठवण जवळजवळ नाहीच.’

‘फाफड्यासारखं. सकाळचा माल सकाळीच. उद्यासाठी ठेवला की गेला.’

‘काका, प्रत्येक गोष्ट दुकानात न्यायलाच हवी का? पण हो, तसंच. आणि करतं काय, तर अन्नाचं जळण पेटवतं. काकी रोटला खातात, खिचडी खातात, म्हणजे लाकूड भरपूर आहे. काडी नाही. आणि जिथली कातडी सारखी नवी होत असते, तिथं चूल विझल्याचं आधी कळतं. ओठ, जीभ, डोळे.’

मग ती इंदुकडे वळली. ‘काकी, रोज दोन ग्लास दूध. नाहीतर रोज एक गोळी.’

इंदुनं दोन बोटं हलवली. दोन्ही नाही.

‘मग मी स्पष्ट सांगते. डोळ्यांच्या बुबुळावर गेलं तर मी वाट बघणार नाही. महिनाअखेर येते. तोवर फरक नसेल तर पारणं मी करवीन. शिव्या तुम्ही द्या, मी खाईन.’

शंभर पूर्ण व्हायला एप्रिलची एकोणीस उजाडणार आहे.

१२ फेब्रुवारी

इंदुला घेऊन उपाश्रयात गेलो. साध्वी हेमरेखाश्रीजी महाराजसाहेब वयानं माझ्याहून लहान, पण समोर बसलं की आपोआप मांडी नीट घातली जाते. मी सगळी हकिकत सांगितली. त्या शांतपणे म्हणाल्या, ‘आजारात औषधाची सूट असते, इंदुबेन. दोष नाही.’

मी विजयी मुद्रेनं बायकोकडे पाहिलं.

इंदुनं हात जोडले. फाटक्या ओठांनी, एकेक शब्द मोजून म्हणाली, ‘सूट आहे. पण मी पच्चखाण घेतलं तेव्हा सूट ठेवली नव्हती.’

पच्चखाण म्हणजे सकाळी हात जोडून करायचा संकल्प. तो करताना सवलत मागून ठेवता येते. हिनं मागितली नव्हती. भाजीवाल्याकडे कढीपत्ता सुद्धा वर फुकट मागून घेणारी बाई!

रस्त्यात मी तिला पुष्कळ बोललो. हट्टी म्हणालो, अहंकारी म्हणालो, तप करणारी माणसं दुसऱ्याचा जीव खातात असं म्हणालो. तिनं पदर डोळ्यांवर ओढून माझं मनगट धरलं होतं, कारण तिला रस्ता दिसत नव्हता. त्यामुळे मला हातवारे करता आले नाहीत.

१४ फेब्रुवारी

दिवसभर एकच गोष्ट डोक्यात. पूर्वीच्या दवाखान्यात जाऊन विचारली.

‘नव्याण्णव ओळ्या झाल्या. दूध तेव्हाही नव्हतं, भाजी तेव्हाही नव्हती. नव्याण्णवावी तर गेल्या उन्हाळ्यातच पुरी केली, ओठाला चीर नाही. मग यंदाच काय झालं?’

पूर्वी पेशंटची चिठ्ठी लिहिता लिहिता थांबली. ‘काका, पहिल्यांदा कामाचं बोललात. काकी खातात काय, कुठं?’

‘आयंबिल भवनात. सगळे तपस्वी तिथंच जेवतात.’

‘तिथं काय बदललं?’

बदलले ते कांतिलाल वोरा. दिवाळीपासून भवनाचा कारभार त्यांच्याकडे आहे. कांतिभाईंनी जन्मात चहासुद्धा केलेला नाही. म्हणून त्यांना स्वयंपाकघर दिलं.

१५ फेब्रुवारी

आयंबिल भवनात जेवलो. पाहणीसाठी.

पानात भात, पांढराशुभ्र. सालं काढलेल्या मुगाची डाळ, लोण्यासारखी मऊ. खिचू, म्हणजे तांदळाच्या पिठाची उकड. सगळं जिभेवर विरघळत होतं. शेजारी बसलेले मनसुखकाका बोळक्या तोंडानं म्हणाले, ‘कांतिभाईंनी बुवा जादू केली. दातांची गरजच ठेवली नाही!’

मी डाळीचा दुसरा घास घेतला आणि थांबलो. तो निसरडा, साबणासारखा लागणारा शेवट मी झोपेतही ओळखीन. माझं आयुष्य त्याच्यावर गेलं आहे. पापडखार. गाठिया ठिसूळ होतो तो त्याच्यामुळे, आणि चिमूटभर जास्त झाला की गिऱ्हाईक तोंड वाकडं करतं तेही त्याच्यामुळे. माझ्या दुकानात एवढा खार पडला असता तर मी कारागिराला घरी पाठवला असता.

बायकांच्या पंक्तीकडे पाहिलं. लांब ओळी करणाऱ्या आणखी दोघी तोंडापुढे पदर धरून जेवत होत्या.

आत गेलो. स्वयंपाकीणबाई लाभुबेननी सरळ सांगितलं. ‘धान्य रात्री भिजवायचं नाही, मोड आले तर जीव निर्माण होतात. सूर्य उगवल्याशिवाय चूल पेटवायची नाही. आधी आम्ही सकाळभर मूग शिजवत बसायचो. कांतिभाई म्हणाले, डाळ आणा, खार घाला, अर्ध्या वेळात काम. भाताची पेज काढून टाका, मोकळा दिसतो. मला काय, माझे गुडघे वाचले.’

इतक्यात खुद्द कांतिभाई आले. ‘काय प्राणुभाई, पानावर बसलात? सूर्य कुठं उगवला आज?’

‘खारात उगवला. कांतिभाई, तपस्वींना धुण्याच्या साबणात जेवू घालता का?’

‘वा! खारावर बंगला बांधलेला माणूस मला खार शिकवतो!’

पंक्तीतले सगळे हसले. खरं होतं, त्यामुळे जास्तच हसले.

१६ फेब्रुवारी

पूर्वीचं म्हणणं असं की खार आणि उजेड हे बी-टूचे दोन वैरी. आंचेवर ते बऱ्यापैकी टिकतं, खारात नाही. आधीच सालाबरोबर बरंच गेलं, पेजेबरोबर आणखी गेलं, उरलंसुरलं खारानं खाल्लं. जेवण पोटभर, त्यात काडी नाही.

‘मग अख्खे मूग, अख्खे उडीद, मठ, बाजरीचा रोटला. खार बंद, पातेल्यावर झाकण, शिजवलेलं पाणी फेकायचं नाही. बरी होईल ना?’

‘सांगता येत नाही. दुधाचं काम मुगाकडून करून घ्यायचं म्हणजे पातेलंभर लागेल. पण तुटवड्यात शरीरही चिवट होतं, मिळेल तो कण धरून ठेवतं, वाया घालवत नाही. थोडा भरवसा त्याच्यावर. महिनाअखेरीचे मी आठ मार्च करते. त्यापुढे एक दिवस नाही.’

म्हणजे सगळं मुगावर आलं. मी आयुष्यभर बेसनाचा माणूस.

१८ फेब्रुवारी

उपाश्रयात आमच्या जैन संघाची बैठक. मी मागणी मांडली. कांतिभाईंनी उत्तरादाखल भाषणच दिलं. गॅस किती वाचला, वेळ किती वाचला, वृद्ध किती खूश. ‘आणि प्राणुभाईंना एवढा पुळका आहे तर त्यांनी आपल्या दुकानातला खार आधी बंद करावा!’

‘माझ्या दुकानात तप करायला कोणी येत नाही, पाप करायला येतात. त्यांना सगळं चालतं.’

हशा. पण मतं त्यांच्याकडे होती, दिसत होतं. अख्खे मूग दुपारपर्यंत शिजणार नाहीत, हा त्यांचा हुकमी मुद्दा. शेवटी सगळे महाराजसाहेबांकडे बघू लागले.

आता साध्वीजी स्वयंपाकाबद्दल शब्द बोलू शकत नाहीत. हे शिजवा, ते शिजवू नका म्हणाल्या तर चुलीचं पाप त्यांना लागतं. त्यामुळे कांतिभाई निर्धास्त होते. महाराजसाहेबांनी बायकांच्या बाजूला पाहिलं. इंदु दाराआड सावलीत बसली होती, पदरानं डोळे झाकून.

‘मूग काय, डाळ काय, मला त्यातलं बोलता येत नाही,’ त्या म्हणाल्या. ‘मी कांतिभाईंना एवढंच विचारते. तपस्वींना शाता आहे ना?’

शाता म्हणजे जिवाला सुख. आमच्यात साधूपासून शेजाऱ्यापर्यंत सगळे एकमेकांना हे विचारतात आणि उत्तर ठरलेलं असतं, आहे. कांतिभाईंनी तोंड उघडलं. दाराकडे पाहिलं. तोंड मिटलं.

मग म्हणाले, ‘ठीक. शिजवा अख्खे. पण शिजवणार कोण? मी लाभुबेनला जादा राबवणार नाही.’

‘मी,’ मी म्हणालो. कोणी बोललं म्हणून मागं वळून पाहिलं, तर मीच होतो.

२० फेब्रुवारी

पहिला दिवस. सूर्य उगवल्यावर चूल पेटवली, मूग धुतले, चढवले, ढवळले, विनवले. पंगत बसली तरी दाणे टणक.

मनसुखकाका म्हणाले, ‘प्राणुभाई, हे वाढलेत ते मूग की माळेचे मणी? खायचे की मोजायचे?’

कांतिभाई दारात उभे राहून हसत होते. मला त्यांच्याकडे बघायला वेळ नव्हता. इंदु एकेक दाणा जिभेवर ठेवून गिळत होती. पुरतं पान संपवायला तिला सगळ्यांत जास्त वेळ लागला. उठताना माझ्यासमोर थांबली. मी म्हटलं, ‘उद्या बघ.’

२२ फेब्रुवारी

साधलं! तळणीच्या माणसाला आंच कळते, हे मी विसरलोच होतो. सूर्योदयाला मूग कढत पाण्यात झाकून ठेवायचे, घोंगडीत गुंडाळून. तोवर उडीद चढवायचे. मग मूग जाड बुडाच्या पातेल्यात, वर घट्ट झाकण, झाकणावर पाणी, आणि आंच इतकी मंद की तिला रागच येऊ नये. अकराला दाणा बोटात दाबला, लोण्यासारखा फुटला. मनसुखकाकांनी दोनदा मागून घेतले आणि नाव न घेता म्हणाले, ‘बरे आहेत.’ त्यांच्या तोंडून एवढं म्हणजे मानपत्र.

वाढणाऱ्यानं आधी चव घ्यायला हवी, म्हणून मीही रोज पानावर बसतो. उभ्यानं चव नीट कळत नाही. व्रत वगैरे काही नाही.

२७ फेब्रुवारी

फरक नाही. ओठांच्या चिरा तशाच. आज एकीतून रक्त आलं.

संध्याकाळी दुकानात गाठिया तोंडात टाकला, नुसता खार लागला. थुंकून दिला. कारागिरांना झापलं. ते म्हणाले, ‘शेठ, माप तुमचंच आहे.’ भूकही नव्हती. वय झालं.

खरं लिहायचं तर मला भीती वाटते. पूर्वीनं पारणं करवलं तर इंदु काही म्हणणार नाही. ग्लास घेईल, पिईल, आणि दुसऱ्या महिन्यात पुन्हा पहिल्या दिवसापासून सुरू करेल. तिला ओळखतो मी. आणि न करवता डोळे गेले तरी ती काही म्हणणार नाही. दोन्हीकडून बोलणी मला खावी लागली असती तर बरं झालं असतं. ती गप्प राहणार, हे सहन होत नाही.

रोज मूग वाढताना वाटतं, पळी जरा मोठी हवी होती.

३ मार्च

आज डोकं फिरलं. सकाळपासून एवढं खपून उडीद केले, आणि ही बाई दोन घास खाऊन म्हणते, ‘मिरी कमी आहे.’

मी म्हटलं, ‘गेला महिनाभर मिरी बाजूला काढून ठेवत होतीस, आता कमी कशी?’

‘अहो, कमी आहे म्हणून कमी म्हणते. घाला.’

घातली. खाल्ली. ‘आता मीठही कमी वाटतं,’ म्हणाली. लोकांची बायको तपानं नम्र होते. संध्याकाळी रस्त्यात पूर्वी भेटली, तिला हे गाऱ्हाणं सांगितलं. ती पोरगी भर चौकात टाळ्या वाजवायला लागली. हिच्या बापाला सांगायला हवं, दवाखान्याचा ताण झेपत नाही हिला.

६ मार्च

घरी आलो तर पडदे सताड उघडे. पश्चिमेचं ऊन सरळ सोफ्यावर. मी ओरडलो, ‘अगं, नवीन खोळी आहेत, रंग उडेल!’

‘उडू दे,’ इंदु म्हणाली. खिडकीत बसून तांदूळ निवडत होती.

मी पडदा ओढायला गेलो. हात पडद्यावर तसाच राहिला.

८ मार्च

पूर्वी आली. बॅटरी डोळ्यांत मारली. इंदुनं पापणी मिटली नाही. जीभ गुलाबी. ओठांच्या कोपऱ्यांवर नुसती पांढरी खूण, आंबा उतरवल्यावर देठाशी राहते तेवढी.

पूर्वीनं बॅटरी बंद केली. मग म्हणाली, ‘काका, खरं सांगू? मला वाटलं नव्हतं. मी गोळ्या पिशवीत घालूनच आले होते.’

‘परत घेऊन जा. आणि फी?’

‘आज पापडी द्या.’

दोन डबे भरून दिले. दुकानापासून तिच्या घरापर्यंत स्वतः उचलून नेले. वाटेत तिघांनी विचारलं, प्राणुभाई, कोणाचं लग्न?

२५ मार्च

भवनाच्या दारावर नवीन पाटी. ‘येथे खार वापरला जात नाही. सौजन्य: कांतिलाल वोरा.’

मी वाचून हसत उभा होतो तेवढ्यात ते आले. म्हणाले, ‘माझी आधीपासूनच इच्छा होती, प्राणुभाई. फक्त योग्य माणूस मिळत नव्हता.’ मी त्यांच्या हाती पळी दिली. आता एक दिवसाआड ते मूग ढवळतात. घाम पुसत म्हणतात, ‘झाकण काढू का? बघू का?’ ‘काढू नका, उजेडात जातं ते,’ असं मी दरडावतो. मोठे मोठे कारभार पाहिले, पण या आयुष्यात एवढी सत्ता मला कधी मिळाली नव्हती.

पदरामागच्या त्या दोघींचे पदर खाली आले. एक तर बरीच सुंदर निघाली. हे इंदुला सांगितलं. बोलणी खाल्ली. पोटभर.

१९ एप्रिल

शंभर.

आजचे मूग वाढताना दोन दाणे पानाबाहेर पडले. इंदुनं ते उचलून खाल्ले. टाकायचं नसतं.

उद्या उपवास, परवा पारणं.

२१ एप्रिल

सगळं लिहितो, उद्या अर्धं विसरेन.

वरघोडा, म्हणजे तपस्वीची मिरवणूक, सकाळी नऊला निघाला. दोन बँड, घोडे, आणि तपस्वीसाठी फुलांनी मढवलेली बग्गी, वर छत. कांतिभाई छत्र घेऊन उभे. इंदुनं बग्गीकडे पाहिलं आणि म्हणाली, ‘मी चालते.’

‘इंदुबेन, ऊन आहे!’

‘दिसतंय मला,’ ती म्हणाली. ‘म्हणूनच.’

भावनगरचं एप्रिलचं ऊन, डांबर पाघळवणारं. ती डोक्यावर नुसता पदर घेऊन, डोळे पूर्ण उघडे ठेवून, सगळ्या बाजारातून चालली. गॅलऱ्यांतून बायका तांदूळ उधळत होत्या, ती एकेकीला नावानं ओळखून हात जोडत होती. रिकामी बग्गी मागून. माझं दुकान आलं. कारागीर कढया उतरवून रस्त्यावर ओळीनं उभे होते. मी दुकान बंद ठेवायला सांगितलं नव्हतं. त्यांनीच ठेवलं. आम्ही पोहोचलो तेव्हा गावातल्या अर्ध्या लोकांना सर्दी झालेली होती. निदान मी नाक पुसत होतो त्याला मी हेच कारण दिलं.

मंडपात माणूस मावत नव्हता. पारण्याला पहिला घोट मुगाच्या पाण्याचा. ते मी केलं होतं. कोणाला हात लावू दिला नाही, लाभुबेनलाही नाही. चांदीच्या वाटीत ओतलं आणि तिच्यासमोर बसलो. महाराजसाहेबांनी मांगलिक, म्हणजे आशीर्वादाचा पाठ, म्हटला. बँड थांबला.

इंदुनं वाटी ओठाला लावली. एक घोट घेतला. मंडपातला एकही जण हलत नव्हता. मग दुसरा. अर्ध्यावर थांबून तिनं वाटी खाली घेतली. मला वाटलं, झालं, मीठ कमी आहे, आता हजार माणसांत सांगणार.

‘आता तुमचं,’ ती म्हणाली.

‘माझं काय?’

‘पारणं.’

‘मी कुठं तप केलं? मी चव घेत होतो.’

‘दोन महिने?’ तिनं आवाज मुळीच कमी केला नाही. ‘दिवसातून एकदा, मिठामिरीचं, एका बैठकीत. संध्याकाळचं पाणीसुद्धा सोडलंत. कारागिरांनी मला सगळं सांगितलंय. वर त्या बिचाऱ्यांनाच झापता.’

‘भूक नव्हती मला. वय झालं.’

कोणीतरी खुसखुसलं, बहुतेक पूर्वी. मी महाराजसाहेबांकडे पाहिलं, की निदान त्यांनी तरी सांगावं, पच्चखाण नाही तर तप नाही, नियम आहे तसा. त्यांनी मान खाली घातली. तोंडापुढच्या मुहपत्तीच्या फडक्याआड हसत होत्या का, ते कळलं नाही.

‘धरा,’ इंदु म्हणाली. ‘हात दुखतो माझा.’

काय करतो? धरली. उरलेलं पाणी प्यायलो. अजून कोमट होतं. वाटी खाली ठेवली तेव्हा बँडवाल्यांनी कोणी न सांगताच सुरुवात केली.